एक प्रजाती, दोन की तीन? अपालाचिकोला नदीतल्या स्नॅपिंग टर्टलचा वाद आणि त्याचे संरक्षण

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जियाच्या सीमेवरून फ्लोरिडात शिरून मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या अपालाचिकोला नदीत एक प्रचंड कासव राहते. ते नेमके कोणत्या प्रजातीचे, या वरवर साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर २०१४ पासून अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. त्या वर्षी संशोधकांच्या एका गटाने ते स्वतंत्र प्रजातीचे असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी तो दावा पुरेशा पुराव्याचा नसल्याचे दाखवून दिले. दरम्यान, पूर्वेला थोड्या अंतरावर असलेल्या सुवानी नदीतले याच गटातले कासव २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य कायद्याखाली ‘धोक्यात आलेली प्रजाती’ म्हणून नोंदले गेले. एका नदीतल्या कासवाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र संरक्षण मिळते, तर जवळच्याच दुसऱ्या नदीतल्या कासवाचे नाव वादात राहते, हे कसे घडते आणि त्याने त्या प्राण्याच्या भवितव्यात काय फरक पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

हे कासव आहे तरी कसे?

ॲलिगेटर स्नॅपिंग टर्टल हे उत्तर अमेरिकेतले गोड्या पाण्यातले सर्वांत मोठे कासव आहे. मोठ्या नराचे वजन सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत जाते आणि शंभर किलो ओलांडलेल्या नरांच्याही नोंदी आहेत. मादी त्यामानाने बरीच लहान असते. डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या टोकदार उंचवट्यांच्या तीन ओळींमुळे त्याची पाठ मगरीसारखी दिसते आणि नावातला ‘ॲलिगेटर’ तिथूनच आला आहे. डोके इतके मोठे असते की ते कवचात ओढून घेता येत नाही.

त्याची शिकार करण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. नदीच्या तळाशी, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला ते जबडा उघडा ठेवून निश्चल पडून राहते. अंगावर शेवाळ चढलेले असते आणि तोंडाची आतली बाजूही करड्या-काळपट ठिपक्यांची असल्यामुळे ती तळाच्या गाळात मिसळून जाते. त्या अंधाऱ्या पोकळीत उठून दिसतो तो जिभेवरचा बारीक, गुलाबीसर, गांडुळासारखा मांसल अवयव. कासव तो वळवळवत राहते, मासा त्याला किडा समजून आत शिरतो आणि जबडा मिटतो. लहान कासवे या युक्तीवर अधिक अवलंबून असतात. मोठी कासवे रात्री हिंडून मासे, शिंपले, मेलेले प्राणी, इतर कासवे आणि पाण्यात पडलेली ओकची फळेसुद्धा खातात. हे कासव माणसांवर चालून येत नाही. हाताळण्याचा प्रयत्न केला तर मात्र त्याचा चावा गंभीर ठरू शकतो.

नद्या वेगळ्या, म्हणून कासवे वेगळी?

मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा समोर ठेवला तर वादाचे मूळ लगेच लक्षात येते. पश्चिमेला मिसिसिपीचे अवाढव्य खोरे आहे, मध्ये अपालाचिकोला आणि तिच्या आसपासच्या नद्या आहेत आणि पूर्वेला, ओकेफेनोकीच्या दलदलीत उगम पावणारी सुवानी आहे. या नद्या स्वतंत्रपणे समुद्राला मिळतात. हे कासव गोड्या पाण्यातले असल्यामुळे एका मुखातून बाहेर पडून खाऱ्या पाण्यातून दुसऱ्या नदीत जाणे त्याला सहसा जमत नाही आणि जमिनीवरून लांबचा प्रवास तर ते करतच नाही. मादी अंडी घालण्यापुरती काठावर चढते, तेवढाच त्यांचा जमिनीशी संबंध असतो. परिणामी प्रत्येक खोऱ्यातली कासवे पिढ्यानपिढ्या आपापसातच प्रजनन करत राहिली.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या नद्यांतल्या कासवांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासण्यात आला. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमध्ये असणारा हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे मातृवंशाचा माग काढायला तो सोयीचा असतो. त्यातून पश्चिमेकडचा, मधला आणि पूर्वेकडचा असे तीन गट पुढे आले आणि त्यांतला पूर्वेकडचा, म्हणजे सुवानीचा गट इतर दोघांपासून सर्वांत दूरचा निघाला. पुढे २०१० मध्ये पेशीकेंद्रातल्या डीएनएचाही विचार झाला, तेव्हा नदीनुसार पडलेले वेगळेपण या कासवांत असाधारण ठळक असल्याचे दिसून आले. इथपर्यंत फारसा वाद नाही. या वेगळेपणाला काय म्हणायचे, तिथे वाद सुरू होतो.

प्रजाती ठरवायची कशी?

मराठी वाचकाला हा पेच भाषेच्या उदाहरणावरून चटकन कळेल. वऱ्हाडीपासून मालवणीपर्यंत मराठीची रूपे बदलत जातात, तरी त्यांना आपण मराठीच्या बोली म्हणतो. कोकणी ही बोली की स्वतंत्र भाषा, यावर मात्र दीर्घ काळ वाद झाला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या दिवशी गोव्यातल्या घरांतले बोलणे बदलले नाही, पण त्या भाषेला मिळणारे हक्क बदलले. फरक किती झाला म्हणजे वेगळे नाव द्यायचे, याची रेषा निसर्ग आखून देत नाही. ती पुरावे तोलून माणसांनाच आखावी लागते, आणि एकदा आखली की तिचे परिणाम खरे असतात.

पाठ्यपुस्तकात आपण शिकलेली व्याख्या अशी की, जे जीव आपापसात प्रजनन करून जननक्षम संतती निर्माण करू शकतात ते एका प्रजातीचे. ही व्याख्या इथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण वेगवेगळ्या नद्यांतली कासवे निसर्गात एकमेकांना भेटतच नाहीत. त्यांची संतती झाली असती की नाही, हा प्रश्न निसर्गात विचारलाच जात नाही. म्हणून वर्गीकरण करणारे अभ्यासक दुसऱ्या कसोट्या लावतात: हा गट दीर्घ काळ स्वतंत्रपणे उत्क्रांत होत आला आहे का, आणि समोर ठेवलेला नमुना कोणत्या गटाचा आहे हे शरीराच्या खुणांवरून किंवा जनुकांवरून खात्रीने सांगता येते का?

तीन प्रजातींचा दावा आणि त्यावरचा आक्षेप

२०१४ मध्ये ट्रॅव्हिस थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवट्या आणि कवचे मोजली, त्यांना जनुकीय माहितीची जोड दिली आणि एका प्रजातीच्या तीन केल्या. पश्चिमेकडच्या कासवाकडे ‘मॅक्रोकेलिस टेमिंकी’ हे जुने नाव राहिले; सुवानीचे कासव ‘मॅक्रोकेलिस सुवानीएन्सिस’ झाले आणि मधल्या नद्यांतल्या कासवाला ‘मॅक्रोकेलिस अपालाचिकोली’ हे नाव मिळाले.

त्यांच्या पुराव्यातली सर्वांत बोलकी खूण कवचाच्या मागच्या कडेला आहे. शेपटीच्या बरोबर वर, कवचाच्या दातेरी किनारीत एक खाच असते. सुवानीच्या कासवात ती रुंद आणि चंद्रकोरीसारखी असते, तर पश्चिमेकडच्या कासवात अरुंद आणि त्रिकोणी. हा फरक इतका स्पष्ट आहे की कासव कुठून आणले हे सांगितले नाही, तरी जाणकार माणूस खाच पाहून सुवानीचे कासव ओळखू शकतो. मधल्या, म्हणजे अपालाचिकोलाच्या कासवाची खाच मात्र पश्चिमेकडच्यासारखीच अरुंद असते.

इथेच ब्रायन फोल्ट आणि क्रेग गायर यांनी २०१५ मध्ये बोट ठेवले. सुवानीचे कासव वेगळे आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु पश्चिमेकडची आणि अपालाचिकोलाची कासवे वेगळी दाखवण्यासाठी दिलेली मापे एकमेकांत मिसळतात, त्या फरकांना संख्याशास्त्राचा पुरेसा आधार नाही आणि जनुकीय अंतरही सुवानीच्या मानाने कमी आहे, असे त्यांनी दाखवले. थोडक्यात, कोणत्या नदीतले हे ठाऊक नसताना मधल्या गटाचे कासव खात्रीने ओळखता येत नसेल, तर त्याला प्रजातीचा दर्जा देणे घाईचे ठरेल, असा त्यांचा मुद्दा आहे.

कोणी म्हणेल की नव्या प्रजातीला नाव देण्याच्या हौसेपोटी अभ्यासक उगाच तुकडे पाडतात. तसे प्रकार प्राणिशास्त्रात घडलेले आहेत, हे खरे आहे. पण या प्रकरणात तो आरोप लागू पडत नाही. वेगळेपणाची पहिली चाहूल नाव देण्याच्या पंधरा वर्षे आधी लागली होती, दावा मोजमापांसह मांडला गेला आणि आक्षेपही त्याच मोजमापांवर घेतला गेला. वाद असाच व्हायला हवा.

आज बहुतेक प्रमाण याद्या दोन प्रजाती मानतात. जगभरातल्या कासवांची यादी करणारा तज्ज्ञांचा कार्यगट आणि अमेरिकेची मत्स्य व वन्यजीव सेवा हे दोघेही सुवानीचे कासव स्वतंत्र धरतात आणि अपालाचिकोलाचे कासव टेमिंकी या व्यापक प्रजातीत समाविष्ट करतात. मलाही उपलब्ध पुराव्यावर हीच भूमिका रास्त वाटते. मात्र ‘प्रजाती म्हणून सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘वेगळेपण नाही’ असा होत नाही, आणि संरक्षणाच्या चर्चेत हीच गल्लत वारंवार होते.

नावावर संरक्षण अवलंबून का असते?

अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात उपप्रजातींना, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत एखाद्या ठळकपणे वेगळ्या समूहालाही संरक्षण देण्याची सोय आहे. त्यामुळे कागदोपत्री पाहता प्रजातीचे नाव नसले तरी दार बंद होत नाही. व्यवहारात मात्र नावाचे वजन मोठे असते. एखादी प्रजाती एकाच खोऱ्यापुरती आहे हे मान्य झाले की तिच्यावरचा धोका आपोआप ठळक दिसतो, कारण त्या खोऱ्यात जे काही घडेल ते संपूर्ण प्रजातीवर घडते. सुवानीच्या कासवाचे नेमके तेच झाले: एप्रिल २०२१ मध्ये प्रस्ताव आला आणि जून २०२४ मध्ये ते अधिकृतपणे धोक्यात आलेली प्रजाती ठरले. टेमिंकीसाठीचा स्वतंत्र प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ मध्ये मांडला गेला. ती प्रजाती टेक्ससपासून फ्लोरिडापर्यंत आणि उत्तरेला इलिनॉयपर्यंत अनेक राज्यांत पसरलेली असल्यामुळे तिचा हिशेब सरासरीने होतो, आणि या सरासरीत एखाद्या नदीतली घसरण सहज झाकली जाते. अपालाचिकोलाच्या कासवाबाबत मला काळजी वाटते ती याची.

याची दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी. प्रत्येक नदीच्या कासवाला प्रजातीचे नाव देत गेलो, तर मर्यादित पैसा आणि मनुष्यबळ विखुरले जाईल, आणि उद्या एखाद्या नदीत मोजकीच कासवे उरली असता शेजारच्या नदीतून नवे रक्त आणणे नियमांच्या दृष्टीने अवघड होऊन बसेल.

“पकडण्यावर बंदी घातली की संख्या वाढेलच ना?”

हा आक्षेप स्वाभाविक आहे आणि मासे किंवा हरणे यांच्याबाबत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. या कासवाच्या बाबतीत तो का ठरत नाही, हे त्याच्या आयुष्यक्रमातून कळते.

या कासवाला वयात यायला अकरा ते एकवीस वर्षे लागतात. त्यानंतर मादी वर्षातून फार तर एकदा अंडी घालते आणि काही माद्या एखादे वर्ष वगळतातही. एका घरट्यात साधारण पंचवीस-तीस अंडी असतात. वसंतात वाळूत पुरलेली ही अंडी उबून पिल्ले बाहेर यायला तीन ते चार महिने लागतात आणि तेवढ्या काळात रॅकून नावाचा निशाचर सस्तन प्राणी घरटीच्या घरटी उकरून फस्त करतो. बाहेरून आलेल्या, चावऱ्या लाल मुंग्याही अंड्यांवर आणि पिल्लांवर तुटून पडतात. जी पिल्ले पाण्यात पोचतात त्यांतली बरीचशी मासे आणि पक्षी खातात. पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा घरट्यातल्या तापमानावर ठरते.

इतक्या नासाडीनंतरही ही कासवे टिकून राहिली, याचे कारण प्रौढ कासवाला निसर्गात जवळजवळ शत्रू नाही. मादी कित्येक दशके जगते आणि वर्षानुवर्षे अंडी घालत राहते. त्या शेकडो अंड्यांतून तिची जागा घेणारी एखादी मादी मोठी झाली तरी पुरते. म्हणून संपूर्ण हिशेब प्रौढ माद्यांच्या जगण्यावर उभा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडलेल्या गणितानुसार, प्रौढ माद्यांचे वार्षिक जगण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास राहिले तरच संख्या स्थिर राहते. बाकी सारे आहे तसे धरून दरवर्षी शंभरातल्या दोन माद्या जास्तीच्या दगावल्या, तर साधारण पस्तीस वर्षांत त्यांची संख्या निम्मी होते. वर्षाला दोन ही संख्या नदीकाठच्या कोणाच्याही लक्षात येणार नाही इतकी लहान आहे, आणि ऱ्हास नजरेआड राहण्याचे कारण हेच आहे.

प्रत्यक्षात नुकसान याहून कितीतरी मोठे झाले. १९६० आणि १९७० च्या दशकांत कासवाच्या सूपसाठी मांसाला मोठी मागणी होती आणि अपालाचिकोलाला पाणी पुरवणाऱ्या फ्लिंट नदीतून व्यावसायिक पारध्यांनी मोठमोठी कासवे भराभर उचलली. जॉर्जियाने १९९२ मध्ये त्यावर बंदी घातली. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी फ्लिंट नदीत पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही संख्या सावरल्याची स्पष्ट चिन्हे दिसली नाहीत. वयात यायलाच पंधरा-वीस वर्षे घेणाऱ्या प्राण्याकडून याहून वेगळी अपेक्षा करताही येत नाही. लुइझियानाने व्यावसायिक पकड २००४ मध्ये थांबवली आणि असे करणारे ते शेवटचे राज्य होते.

शिवाय बंदी असूनही मृत्यू थांबत नाहीत. नदीकाठच्या फांद्यांना गळ बांधून ठेवण्याची किंवा एका लांब दोरीला अनेक गळ लावून ती पाण्यात सोडण्याची पद्धत तिथे रूढ आहे. मासेमार दोरी तिथेच विसरून जातो आणि आमिष गिळलेले कासव अडकून बुडून मरते. हे कासव पाण्याखाली चाळीस-पन्नास मिनिटे राहू शकत असले तरी श्वास घ्यायला त्याला वर यावेच लागते. जिवंत पकडलेल्या कासवांचे एक्स-रे काढल्यावर पोटात गळ सापडल्याच्याही नोंदी आहेत. चोरटी पकडही चालूच आहे: टेक्ससमधून साठाहून अधिक मोठी कासवे बेकायदा लुइझियानात नेल्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केला.

“मग पिल्ले वाढवून नदीत सोडली तर?”

हा उपाय प्रत्यक्षात चालू आहे. ओक्लाहोमातल्या टिशोमिंगो येथील सरकारी मत्स्यबीज केंद्रात पिल्ले काही वर्षे वाढवून, भक्षकांच्या तोंडी सहज जाणार नाहीत एवढी मोठी झाल्यावर सोडली जातात आणि इलिनॉयसारख्या राज्यांत, जिथून हे कासव जवळजवळ नाहीसे झाले होते, तिथेही ती सोडण्यात आली आहेत. अंडी आणि पिल्ले यांच्या नासाडीवर हा चांगला तोडगा आहे. पण सोडलेली कासवे पुढे गळाला लागून मरत असतील तर त्याने संख्या सावरत नाही.

वर्गीकरणाच्या वादाचा सर्वांत व्यावहारिक उपयोगही इथेच होतो. कोणत्या नदीतली पिल्ले कोणत्या नदीत सोडायची? मिसिसिपीच्या खोऱ्यातली कासवे अपालाचिकोलात सोडली, तर लक्षावधी वर्षांत त्या नदीच्या प्रवाहाशी आणि हवामानाशी जुळत आलेला जनुकीय वारसा मिसळून जाईल आणि तो पुन्हा वेगळा काढता येणार नाही. हा निर्णय घ्यायला ‘प्रजाती’ या शिक्क्याची गरज नाही. १९९९ पासून हाती असलेली नदीनिहाय जनुकीय माहिती त्यासाठी पुरेशी आहे. चोरट्यांकडून सोडवलेली कासवे परत सोडतानाही ती मूळची कुठली, हे याच माहितीवरून शोधता येते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

संबंध आहे तो पाळीव प्राण्यांच्या बाजारामुळे. या कासवाची पिल्ले जगभर विकली जातात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘सायटीस’ या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात ते २००६ पासून होते आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामातल्या बैठकीत ते अधिक कडक अशा दुसऱ्या परिशिष्टात आले. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात सायटीसच्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची जोडली गेली आणि २०२४ च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते. मुंबई-पुण्यात एखाद्याने असे पिल्लू घेतले असेल तर त्यालाही हे लागू आहे, आणि ते मोठे झाल्यावर तलावात सोडणे हा पर्याय नव्हे.

नाव ठरेपर्यंत थांबायचे का?

थांबण्याचे कारण नाही. एकीकडे अधिक नमुने आणि पेशीकेंद्रातल्या डीएनएचे अधिक तपशीलवार विश्लेषण घेऊन मधल्या गटाचा प्रश्न पुन्हा तपासता येईल. दुसरीकडे, उत्तर काहीही आले तरी लागतील अशी कामे आजच करता येतात. कासवांची गणना आणि संरक्षणाची उद्दिष्टे प्रजातीच्या सरासरीवर न ठेवता प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळी ठेवावीत. सोडून दिलेल्या गळांच्या दोऱ्या काढून टाकाव्यात आणि लावलेल्या दोऱ्या ठरावीक वेळेत तपासणे बंधनकारक करावे. अपालाचिकोलात बोटींचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाने या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पात्रातला गाळ उपसला आणि बुडालेले ओंडके काढले. फ्लोरिडातल्या नद्यांतून जुने मौल्यवान लाकूड परवान्याने आजही वर काढले जाते. या कासवाचा दिवसाचा आसरा नेमका त्या ओंडक्यांखाली असतो, त्यामुळे कोणत्या पट्ट्यातले लाकूड काढायला परवानगी द्यायची हे ठरवण्यापूर्वी तिथे कासवांची पाहणी व्हायला हवी.